मूळपुरुषाची कवळी

९ जानेवारी

ही वही खरं तर ताईसाठी आणली होती. बोलायचं नसेल तर निदान लिहून सांग, म्हणून. तिने पहिल्या पानावर ‘मीठ कमी’ एवढंच लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली. ते पान मी फाडलेलं नाही. कोरी वही वाया घालवणं माझ्या जिवावर येतं, म्हणून पुढचं मी लिहिते आहे.

आधी घरची परिस्थिती लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. ताई माझ्याहून बरीच मोठी. मला जन्म देऊन आई गेली, आणि ताईने शाळा सांभाळून मला वाढवलं. पुढे ती बसस्थानकावर घोषणा करायला लागली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल हे निम्मं शहर तिच्या आवाजात ऐकत आलं आहे. मागच्या आजारपणात तिच्या हिरड्यांत पू झाला, ताप उतरेना, आणि इस्पितळात घाईघाईने सगळे दात काढावे लागले. जीव वाचला, त्याबद्दल कुणाकुणाचे आभार मानू ते कळत नाही.

आता मी कोण, तर कवळ्या करणारी बाई! दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे माझी खोली आहे. मेण, प्लास्टर आणि स्पिरिटचा दिवा यांतच माझे केस पांढरे झाले. ताईसाठी तीन कवळ्या केल्या, एकीपेक्षा एक देखण्या. दात कसे, एका ओळीत, मोत्यासारखे. तिन्ही कवळ्या वाडग्यातल्या पाण्यात पडून आहेत. तिसरी घालून तिने आरशात पाहिलं आणि म्हणाली, “माझ्या तोंडात दुसरंच कुणीतरी हसतंय.” मग तोंडावर जो हात ठेवला, तो अजून खाली आलेला नाही. जेवते भिंतीकडे तोंड करून, तेही सूप नाहीतर मऊ भात. हाडं दिसायला लागली आहेत.

तिचे जुने दात कसे होते ते मला आठवत नाही. कुणाला खरं वाटणार नाही, पण आठवत नाही. फोटोत ती नेहमी तोंड मिटून. मी दिवसभर परक्यांच्या तोंडात डोकावते, घरी कोण डोकावतं? भावोजींना विचारलं, तर म्हणाले, “चांगले होते.” बसडेपोतले मेकॅनिक ते, इंजिनाबद्दल तासभर बोलतील.

आज दवाखान्यात एक ताडमाड माणूस आला, हिरडी फाटलेली, रुमाल लाल. सोबत एक तरुण बाई, तोंडात पेन्सिल. सिनेमात राक्षसाचं काम करतो तो, आणि रबराच्या दातांनीच त्याला चावलं होतं. बाई दिग्दर्शक निघाल्या. डॉक्टरांनी दोघांना मागच्या खोलीत पाठवलं. त्या माझ्या फळीवरच्या कवळ्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मला विचारलं, राक्षसाचे दात कराल का? मी हो म्हटलं. का म्हटलं, देव जाणे.

झोपण्यापूर्वी रोज एकाचे तरी आभार मानायचे, ही ताईने लावलेली सवय. कुणी सापडलं नाही तर उशीचे मान, म्हणायची. एखाद्याची हिरडी फाटल्याबद्दल आभार मानणं बरं दिसत नाही, पण आज तेच मानते.

१२ जानेवारी

सिनेमाचा कारखाना म्हणजे एक जुनं गोदाम आहे. अर्ध्यात अंतराळयान उभं आहे, प्लायवुडचं, पण आत शिरलं की खरंच जमीन सुटल्यासारखी वाटते. उरलेल्या अर्ध्यात दूरच्या कुठल्याशा ग्रहावरची गुहा. मला एका कोपऱ्यात टेबल, दिवा आणि पंखा दिला आहे. सगळे मला मावशी म्हणतात. त्या उंच माणसाला सगळे लंबू म्हणतात, आणि तोही ‘ओ’ देतो.

दिग्दर्शक बाईंनी गोष्ट सांगितली. माणूस मुळात आला कुठून, हे शोधायला एक यान निघतं. यानातले लोक वर्षानुवर्षं झोपून प्रवास करतात. पोचतात तिथे एका गुहेत मूळपुरुष झोपलेला असतो. स्वतःच्या अंगाच्या उरल्यासुरल्या मातीतून त्याने माणूस घडवला आणि दूर धाडून दिला. यानातली शास्त्रज्ञ बाई त्याला जागं करते आणि विचारते, आम्हाला का घडवलंस? मूळपुरुष तोंड उघडतो.

“आणि काय सांगतो?” मी विचारलं.

“काही नाही. त्याला भूक लागलेली असते.”

मी म्हटलं, इतकी वर्षं झोपलेल्या माणसाचं तोंड उघडलं की आधी वासानेच सगळे पळतील. बाई हसल्या आणि ते वहीत लिहून घेतलं.

घरी येऊन ताईला गोष्ट सांगितली. मूळपुरुषाच्या मातीवर आल्यावर माझं मलाच हसू आलं. लहानपणी मी विचारायची, मी कुठून आले? ताई म्हणायची, कणीक मळताना एक गोळा उरला, टाकवेना, म्हणून नाक-डोळे काढले आणि ठेवला पाळण्यात. मी शाळेत जाईपर्यंत ते खरं धरून चालले होते, आणि कणकेला पाय लागला तर नमस्कार करायची. ताईला याची आठवण करून दिली तेव्हा तिचे डोळे हसले. हाताखाली काय झालं ते दिसलं नाही.

२० जानेवारी

पहिले दात नापास. मी दोन्ही जबड्यांत सुळेच सुळे लावले होते. स्वतःच्या करामतीवर खूष होते. लंबूने घातले, डरकाळी फोडली, सगळे घाबरले. बाई म्हणाल्या, हे जनावर आहे मावशी, आणि जनावराला कुणी ‘मला का घडवलंस’ विचारत नाही.

एक मात्र झालं. माझे दात घालून लंबू अख्खा डबा जेवला आणि दात घातलेत हे विसरून गेला. म्हणाला, हिरडीला कळतसुद्धा नाही. राक्षसाला चावता आलं पाहिजे हे मी धरूनच चालले होते. कवळी करणाऱ्याला दुसरं सुचणार तरी काय?

२८ जानेवारी

दुसरेही नापास. या वेळी माणसाचे केले, आकाराने मोठे, सरळ, एकसारखे. बाई बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मूळपुरुष पेस्ट विकायला आलाय का?” सगळे खो खो हसले, मीही हसले, पण लागलं ते लागलंच.

मग त्या माझ्याजवळ बसल्या आणि नीट समजावून सांगितलं. तो तोंड उघडतो तेव्हा त्या बाईला आधी भीती वाटता कामा नये. हे मी कुठेतरी पाहिलंय, अगदी पहिल्यांदा पाहिलंय, असं वाटलं पाहिजे, आणि मग त्या ओळखीचीच भीती. मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

घरी वेगळंच वाढून ठेवलं होतं. बसस्थानकाचे साहेब येऊन गेले होते. भले गृहस्थ आहेत. रजा आणखी वाढवता येत नाही म्हणाले. मार्चअखेर ताई आली नाही तर यंत्रातला साठवलेला आवाज सुरू करतील. भावोजींनी चहा दिला, ताई आतल्या खोलीतून बाहेर आलीच नाही. साहेब गेल्यावर मी तिन्ही कवळ्या तिच्यापुढे ठेवल्या आणि दातांच्या कण्या होईपर्यंत विनवण्या केल्या. तिने वाडगा उचलून परत फडताळात ठेवला. रागाने नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

आज उशीचे आभार.

३ फेब्रुवारी

सर्दी. ताईने कपाळावर हात ठेवून ताप पाहिला आणि काढा करून दिला. लहानपणी मला ताप आला होता तेव्हा औषधाच्या बाटलीचं बूच निघेना, तर हिने दातांनी ओढलं. टक्क आवाज झाला. तिने काहीतरी थुंकलं, हसली आणि मला चमचा पाजला. औषध कडू होतं एवढंच मला लख्ख आठवतं.

८ फेब्रुवारी

आज एक खुळचटपणा केला. गुहेतलं दृश्य कसं टिपणार ते बाईंनी दाखवलं. कॅमेरा जमिनीवर असणार, कारण शास्त्रज्ञ बाई पडलेली आहे आणि मूळपुरुष तिच्यावर वाकतो. म्हणजे दात दिसणार खालून. मी आयुष्यभर दात लावले ते टेबलावर, समोरून बघून. खालून कोण बघतं?

तेव्हा मी काय केलं, तर मेणातला जबडा तारेने वर टांगला, खाली चटई टाकली आणि आडवी झाले. तसंच, वर हात करून एकेक दात मेणात बसवत गेले. आल्यागेल्याने विचारलं, मावशी, बरं आहे ना? हात दुखायला लागले. पुढचे दोन एका रेषेत बसेनात, एक दुसऱ्याच्या खांद्यावर रेललेला. डावीकडचा सुळा नको तेवढा वर चढला. कानस घसरली आणि एका दाताचा कोपरा उडाला. भरून काढणार होते, पण का कोण जाणे, तसाच ठेवला. मग मला चटईवर झोपच लागली. इतकी गाढ झोप कित्येक दिवसांत लागली नव्हती. उठले तेव्हा गोदाम रिकामं होत आलं होतं आणि कुणीतरी माझ्या अंगावर अंतराळवीराचा कोट घातला होता. ज्याने घातला त्याचे आभार.

सगळे दात वाकडे आले आहेत. उद्या सरळ करेन.

९ फेब्रुवारी

सरळ करायच्या आधीच बाईंनी ते लंबूच्या तोंडात घालायला लावले. जमिनीवर कॅमेरा, वर लंबू. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मिटताना वरचा ओठ त्या चढलेल्या सुळ्यावर अडकला. तोंड मिटलं तरी हसू थोडा वेळ तसंच राहिलं, मग ओठ खाली आला.

सुतार खिळा हातात धरून उभाच. मी म्हटलं, गेलं काम.

“मावशी,” बाई म्हणाल्या, “कुणाचे दात आहेत हे?”

“कुणाचे नाहीत. आडवं पडून लावले ना, म्हणून वाकडे आले. आजच्या आज सरळ करून देते.”

“हात लावाल तर याद राखा,” असं म्हणून त्यांनी मला मिठीच मारली. पेन्सिल माझ्या कानात गेली. काय आवडलं ते मला अजून कळलेलं नाही, पण पसंत पडले हे खरं. त्या पोरीचे आभार. लगोलग अॅक्रिलिकमध्ये ओतून पक्के करायला घेतले.

१६ फेब्रुवारी

मी डबा विसरले म्हणून भावोजी घेऊन आले. नेमका लंबू समोर, अंगावर निम्मा मूळपुरुष, तोंडात दात. गुणी पोर, वाकून हसला आणि ‘नमस्कार काका’ म्हणाला. भावोजी डबा हातात धरून उभेच राहिले, आणि मग रंगाच्या पिंपावर मटकन बसले. मी पाणी दिलं. इथे डिंकाचा वास इतका असतो की नवीन माणसाला घेरी येतेच. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “हा रोज असतो का इथे?”

२३ फेब्रुवारी

भावोजींना या वयात सिनेमाचं वेड लागलं आहे. मी डबा घेऊन निघाले तरी जेवणाच्या सुट्टीत काहीतरी निमित्त काढून येतात. काल छत्री द्यायला आले, आणि ऊन तर मी म्हणत होतं. आले की लंबूशेजारी जाऊन बसतात. बसस्थानकाच्या साहेबांना परत भेटायला हवं, ताईच्या डॉक्टरांकडे जायला हवं, त्याचं काही नाही. मला चीड आली आहे, पण बोलले नाही.

लंबू आज हळूच म्हणाला, “मावशी, तुमचे भावोजी मला विनोद सांगतात. रोज. पण एकही धड हसण्यासारखा नसतो.”

मी विचारलं, मग तू काय करतोस?

“हसतो. मी हसलो की ते गप्प बसून बघत राहतात, म्हणून मग आणखी हसतो.”

देवा, मोठ्या मनाचा पोरगा आहे. त्याचे आभार, आणि त्याच्या आईचेही.

४ मार्च

मोठं दृश्य झालं. शास्त्रज्ञ बाईचं काम करणारी नटी जमिनीवर पडली, मूळपुरुष वाकला आणि त्याने तोंड उघडलं. तिने किंचाळायचं होतं. ती किंचाळली नाही. तिने वर बघत हात पुढे केला, लहान मूल करतं तसा. तोवर तो आणखी जवळ आला, आणि मग जी किंचाळली, माझ्या हातातलं मेण खाली पडलं. नंतर तिला विचारलं तर म्हणाली, क्षणभर वाटलं हा मला उचलून घेईल. बाई आनंदाने गुहेतच नाचल्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूर फार सोडतात.

११ मार्च

आज लंबूचा शेवटचा दिवस. दात कंपनीच्या कपाटात जमा होणार. माझ्याकडे एक जादा जोड होता, रंगात थोडा डावा. भावोजी म्हणाले, तो मला दे. मी चिडलेच. म्हटलं, घरात बायको पेज पिऊन दिवस काढते आहे, मार्चअखेर तोंडावर आली, आणि तुम्हाला राक्षसाच्या दातांची हौस!

भावोजींनी दात हातात घेतले. बोटाला ग्रीस होतं, ते आधी पँटला पुसलं.

“काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालंय तुझं, बारके,” ते म्हणाले. “तुला खरंच दिसलं नाही? मला वाटत होतं तू मुद्दाम केलंस.”

“काय?”

“हा कोपरा तुझ्या औषधाच्या बाटलीवर उडालेला. आणि हा सुळा. लग्नाआधी मी बसस्थानकावर उगाच गाड्यांची चौकशी करायला जायचो, ते हा ओठ अडकलेला बघायला.”

मी दात घेतले. समोरून पाहिले, काहीच नाही, राक्षसाचे दात. मग डोक्यावर धरून खालून पाहिले.

आता लिहवत नाही.

१२ मार्च

लिहिते. काल दिवा मालवल्यावर विचार करत पडले होते. तीन कवळ्या केल्या त्या माझ्या मते उत्तमातल्या उत्तम. ताईला द्यायचं तर वाकडंतिकडं कसं द्यायचं, जे कुणालाच नसतात असे दात तिला द्यावेत, असं वाटलं. आणि तिला हवे होते तिचेच. मी ते समोरून कधी पाहिलेच नव्हते. पाळण्यातून, मांडीवरून, तिने वेणी घालताना मान वर करून पाहिले होते. माझ्या हातांना ठाऊक होतं, मला नव्हतं. माझ्या हातांचे आभार. असे आभार मी पहिल्यांदाच मानते आहे.

१५ मार्च

दात कसे लावायचे ते कळलं तरी माप नवं हवं. काढलेल्या दातांच्या जखमा भरून हिरड्या आता बसल्या आहेत. आणि माप घ्यायचं तर ताईने तोंड उघडायला हवं. ती उघडेना. चौथी कवळी म्हटल्यावर उठून आतच निघाली.

तेव्हा भावोजींनी ते केलं. खिशातून मूळपुरुषाचे दात काढले, स्वतःच्या तोंडासमोर धरले आणि तिच्या वाटेत जाऊन उभे राहिले. मोठे दात, मागे त्यांच्या पांढऱ्या मिशा. दुसरं कुणी पाहिलं असतं तर दातखीळ बसली असती. ताई थांबली. मग त्यांच्या हातातून दात घेऊन आरशाजवळ गेली, तोंडावरचा हात काढला आणि तिथे दात धरले.

मग माझ्याकडे आली, खुर्चीत बसली आणि तोंड उघडलं. मापाचा लगदा मला दोनदा कालवावा लागला.

१९ मार्च

मेणातली कवळी तिच्या तोंडात बसवली. मेणातली म्हणजे फक्त दिसायला, तिने खायचं नसतं. ताईने जीभ फिरवली. उडालेल्या कोपऱ्यापाशी जीभ थांबली, पुढे गेली, पुन्हा तिथेच आली. तिने आरशात पाहिलं. मी तिच्या मागे उभी, भावोजी दारात.

“कुठे होतीस गं इतके दिवस?” ती आरशातल्या बाईला म्हणाली.

मला रडू आलं आणि ते मी मुळीच दाबलं नाही. धूरबीर काही नव्हता.

पुढचा तमाशा वेगळाच. पक्की करायला कवळी परत हवी, तर ताई देईना. मेण आहे, विरघळेल, म्हटलं. नाही. उद्या संध्याकाळी देते, म्हटलं. नाही. चहा पिऊ नकोस एवढंच ऐकलं. शेवटी जेवायला हवं म्हणून दिली, आणि पक्की होईस्तोवर दवाखान्यात माझ्या शेजारी बसून राहिली. डॉक्टरांनी कुठलाही सल्ला न देता तिला खुर्ची दिली, त्याबद्दल त्यांचे आभार.

२० मार्च

तिने सफरचंद खाल्लं. सालासकट. मग आणखी एक. आम्हा दोघांना फोडसुद्धा दिली नाही.

३० मार्च

रजा काढून बसस्थानकावर गेले. कुठली गाडी पकडायची नव्हती, उगाच फलाटावर उभी राहिले. भावोजी खांबाआड उभे होते, मी दिसले नाही असं दाखवत होते. भोंगा खरखरला आणि ताईचा आवाज आला. पहिल्या घोषणेत ‘स’ जरा घसरला, दुसरीत सावरला. पेटीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याने मान वर केली आणि शेजारच्याला सांगितलं, बाई परत आल्या. शेजारच्याने विचारलं, कोण बाई? म्हातारा म्हणाला, अरे, आपल्या.

त्या म्हाताऱ्याचे आभार. साठवलेल्या आवाजाचेही. त्याला थांबावं लागलं.

१४ सप्टेंबर

मधे बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही, यासारखं सुख नाही. ताईच्या अंगावर मांस आलं आहे आणि ती पूर्वीसारखी मला टाकून बोलते.

आज सिनेमा लागला. बाईंनी आम्हा तिघांना पहिल्याच खेळाला बोलावलं होतं. लंबू दोन ओळी पुढे होता, खुर्चीत मावत नव्हता. नावांत माझं नाव आलं, तेव्हा भावोजींनी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

सिनेमा फार भीतिदायक आहे. यानातले एकेक कमी होत जातात, गुहेत टपटप आवाज, मी अर्धा वेळ बोटांमधून पाहिला. प्लायवुड आहे हे माहीत असूनही घाम फुटला. मग ते दृश्य आलं. शास्त्रज्ञ बाई खाली पडलेली. मूळपुरुष वाकला, पडदाभर चेहरा. “आम्हाला का घडवलंस?” त्याने तोंड उघडलं.

अख्खं थिएटर किंचाळलं. शेजारच्या बाईने माझा दंड पकडला. भावोजी मात्र खुर्चीत पुढे सरकून, हनुवटीला हात लावून, एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसे बघत होते. आणि त्या सगळ्या किंकाळ्यांत ताई हसायला लागली. हळू नाही, तोंड उघडून, खदखदा, पूर्वी हसायची तशी. तोंडावर हात नव्हता.

मागच्या खुर्चीतल्या माणसाला राहवलं नाही. तो पुढे वाकून म्हणाला, “अहो, हसताय काय? इथे जीव जातोय.”

ताई वळली. पडद्याचा निळा उजेड तिच्या तोंडावर पडला. तिने हसू आवरलं, पण ओठ सुळ्यावर अडकला आणि दात तसेच दिसत राहिले. त्या माणसाने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा ताईकडे पाहिलं, आणि अशी आरोळी ठोकली की मूळपुरुषसुद्धा दचकला असता.

ताईने त्याच्या हातावर हात ठेवला आणि आपल्या रोजच्या, भोंग्यातल्या आवाजात, शांतपणे सांगितलं, “प्रवाशांनी कृपया घाबरून जाऊ नये.”

पाच-सहा ओळींना तो आवाज ओळखू आला. आधी एकजण हसला, मग ओळ, मग अख्खं थिएटर. पडद्यावर मूळपुरुष त्या बिचारीला खात होता आणि त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं. मी दिग्दर्शक बाईंकडे पाहिलं, म्हटलं आता चिडणार. त्या डोळे पुसत हसत होत्या.

घरी चालत आलो. वाटेत मी ताईला विचारलं, खरं सांग, मला का घडवलंस? ती म्हणाली, गोळा उरला होता म्हणून सांगितलं ना एकदा. मग थोडं पुढे जाऊन म्हणाली, “बरं झालं टाकला नाही.”

आज झोपण्यापूर्वी आभार मानायला बसले, तर यादी संपेना. शेवटी ताईचे मानले आणि दिवा मालवते आहे.